बुडावरचं नाव

श्रावणात विश्वामित्री घरात शिरली ती कमरेपर्यंत.
ओसरली तेव्हा फ्रिज आडवा, गाद्या म्हशींसारख्या फुगलेल्या,
आणि शेजारी पन्नाबेनच्या झोपाळ्याखाली
मगरीचं दीड हाताचं पिल्लू,
चुकीच्या घरी आलेल्या पाहुण्यासारखं गप्प.

त्याच गाळातून निघाला हा तांब्या.
आई गेल्यापासून खोक्यात होता, कॉटखाली.
खोकं विरघळून गेलं, तांब्या राहिला.

आज सर्वपित्री.
पहाटेच चिंच आणि मीठ घेऊन मोरीत बसले.
आधी गाळ सुटला, मग हिरवी कळा,
मग पितळेचा तो जुना, तुपासारखा उजेड.
काठावर काही कोरलेलं असणार,
पण चार पिढ्यांच्या राखेनं ते केव्हाच पुसलंय.
बुडाला मात्र बोटांना टोचलं.
ठिपके.
कासारानं एकेक ठोकून काढलेले.
उजेडात धरलं, चष्मा वर केला:
आवडी. देवरूख.

घाणेकर गुरुजी ॲक्टिवावरून आले.
आज त्यांची सात घरं, आमचं चौथं.
अंगणात पाट मांडला. भालूनं जानवं उजव्या खांद्यावर घेतलं,
बोटात दर्भाचं पवित्रक,
ओंजळीत काळे तीळ.
वडील झाले, आजोबा झाले, पणजोबा झाले.
अंगठ्याच्या बाजूनं पाणी पडत राहिलं ताम्हनात.
आई वसुरूप. आजी रुद्ररूप.
"प्रपितामही, आदित्यरूप. नाव?"

दरवर्षी इथे भालू खाकरतो.
दरवर्षी गुरुजी म्हणतात, "यथानाम्नी म्हणा,"
आणि पुढे जातात, जसं रस्त्यातला खड्डा चुकवून जावं.

मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हटलं, "आवडी."
हाताला गवारीचा वास होता. खीर उतू जायला आली होती.
"तांब्याच्या बुडावर आहे. देवरूखची."

गुरुजींनी तांब्या उलटा करून पाहिला.
"हे माहेरचं नाव, ताई.
इथे सासरचं लागतं. गोत्रसुद्धा सासरचंच घेतो आपण."
ते खोटं बोलत नव्हते. पोथीत तसंच आहे.

भालूच्या ओंजळीतलं पाणी बोटांमधून गळत होतं.
वरच्या गच्चीवर पन्नाबेन कागवास टाकत होती,
"काग, काग, काग,"
आणि कावळे कुठेच नव्हते, नुसती कबुतरं.

मी विचारलं, "गुरुजी,
तहान लागलेल्या बाईला कुणी पाण्याला बोलावलं,
तर ती कुठल्या हाकेला ओ देईल?"

मला काही वाद घालायचा नव्हता.
मला खरंच माहीत नव्हतं.
नऊ-दहा वर्षांची असेल, देवरुखाहून बडोद्याला आली,
कुणी सरकारी कारकून तिचा नवरा.
बैलगाडी, गलबत, आगगाडी, आणि मांडीत हा तांब्या.
इथे तांदळांत दुसरं नाव लिहिलं गेलं तिचं,
तेच घरात चाललं, आणि तेच आम्ही हरवलं.
आईची भांडी स्टीलची, मशीननं नाव घातलेली, सौ. लावून.
माझ्या कुकरवर कंपनीचं नाव आहे.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं.
मग घड्याळाचा हात धोतरात लपवला.
"माझी पणजी विसनगरकडची," ते म्हणाले, "म्हणजे... असं ऐकलंय."
थोडा वेळ काहीच झालं नाही.
"घ्या पुन्हा पाणी. तीळ घ्या.
कौशिक गोत्रां, आवडीनाम्नीं, आदित्यरूपां..."

भालूचा आवाज आवडीवर जरासा अडकला.
साठीला आलेल्या माणसानं
एखाद्या लहान मुलीला पहिल्यांदाच हाक मारावी, तसा.
तीन ओंजळी.
ताम्हन मी पारिजातकाच्या मुळाशी रिकामं केलं.
तिथली माती अजून नदीचीच आहे.

दुपारी पानं उठली, वडे संपले,
गुरुजी पाचव्या घरी गेले.
मी तांब्या पुन्हा विसळला
आणि ओट्यावर उपडा ठेवला,
बूड वर करून.